बिनकिल्लीचे दार की ओरडणारा भोंगा? गाडीच्या सुरक्षेचा थोडा हिशेब

दसरा जवळ आला की आपल्या मंडळींत गाडीखरेदीची बोलणी सुरू होतात. मुलगा पुण्याहून किंवा बंगळुरूहून फोनवर सांगतो, "बाबा, या वेळी पुश बटणवालीच घ्या." शोरूममधला तरुण माहितीपत्रक पुढे करतो. त्यात 'सुरक्षा' या मथळ्याखाली दोन गोष्टी शेजारी शेजारी छापलेल्या असतात, कीलेस एंट्री आणि अँटी-थेफ्ट अलार्म. वरचे मॉडेल घेतले तर दोन्ही मिळतात, मधले घेतले तर एक. ज्यांची गाडी जुनी आहे त्यांना ॲक्सेसरीवाला हेच दोन्ही एका डब्यात घालून द्यायला तयार असतो. बँकेत वाहनकर्जाच्या फायलींत बरीच वर्षे घालवल्यामुळे मंडळातले लोक आम्हाला हमखास विचारतात, "या दोहोंत जास्त सुरक्षित कोणती?"

आमचे उत्तर असे की ही जोडीच चुकीची लावलेली आहे. कीलेस एंट्री ही सोय आहे आणि अलार्म ही हाक आहे. गाडी चोराच्या हातून हलू न देणारी वस्तू तिसरीच असून ती माहितीपत्रकात बारीक अक्षरांत कुठेतरी खाली असते. तिचे नाव इमोबिलायझर. हे तिन्ही नीट वेगळे करून पाहिले तर पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, हे आपोआप कळते.

बँकेच्या तिजोरीचे उदाहरण घेऊ. स्ट्राँगरूम एका किल्लीने उघडत नाही. दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात आणि दोघे हजर असल्याशिवाय दार हलत नाही. भोंग्याची व्यवस्था त्याहून निराळी. एक माणूस फितूर झाला, एक किल्ली हरवली, तरी बाकीचे अडथळे उभे राहतात. आता बिनकिल्लीच्या गाडीकडे पाहा. खिशातल्या एकाच डबीच्या संदेशावर दार उघडते, अलार्म गप्प होतो आणि इंजिन सुरू करायची परवानगीही मिळते. तिन्ही कामे एकाच खिशात! हा मुद्दा ध्यानात ठेवला तर पुढचे सगळे सोपे आहे.

रिमोटचे बटण आणि 'बिनकिल्ली' यांत फरक आहे

आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. पहिली म्हणजे साधा रिमोट. बटण दाबले की किल्लीतून रेडिओ संदेश जातो आणि दारे उघडतात. आपल्याकडे आणि युरोपात हे रिमोट बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात. संदेश हवेतून जातो म्हणजे तो कोणीही ऐकू शकतो. म्हणून चांगल्या रिमोटमध्ये प्रत्येक वेळी नवा संकेत जातो. चेकबुकासारखे समजा. एका क्रमांकाचा चेक एकदा वटला की तोच पुन्हा वटत नाही. तुमचा कालचा संदेश कोणी टिपून ठेवला आणि आज वाजवला तर गाडी त्याला ओळखत नाही. बाजारातल्या अगदी स्वस्त रिमोट किटमध्ये मात्र कित्येकदा दर वेळी तोच संकेत जातो. म्हणजे सही केलेली एकच स्लिप रोज झेरॉक्स काढून चालवायची! असे किट गाडीत बसवणे म्हणजे कंपनीने दिलेल्या कुलपाशेजारी आणखी एक कच्चे दार उघडून ठेवणे आहे.

बदलत्या संकेतावरही तोड निघाली आहे. सॅमी कामकर या अमेरिकन तंत्रज्ञाने २०१५ साली एक लहानसे यंत्र दाखवले होते. ते यंत्र तुमचा पहिला संदेश गाडीपर्यंत पोहोचू न देता स्वतःकडे टिपते. तुम्ही "दाबले गेले नसेल" म्हणून पुन्हा दाबता. मग दुसरा संदेशही टिपून ते गाडीला पहिला देते. दार लागते, आणि दुसरा, न वटलेला चेक चोराच्या खिशात राहतो.

त्याहून साधा प्रकार म्हणजे नुसता अडथळा. बाजाराच्या पार्किंगमध्ये कोणी त्याच लहरीवर गोंगाट सुरू ठेवतो, तुम्ही चालता चालता मागे न पाहता बटण दाबता आणि गाडी उघडीच राहते. यावर उपाय फुकटचा आहे. बटण दाबल्यावर दिवे लुकलुकले का, आरसे मिटले का ते पाहायचे आणि एकदा दाराची मूठ ओढून बघायची. आपल्या आया-आजी घराला कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून पाहत, तशी.

दुसरी गोष्ट खरी 'बिनकिल्ली'. इथे बटणही दाबायचे नाही. किल्ली खिशात किंवा पर्समध्ये असली की पुरे. तुम्ही मुठीला हात लावला की गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपास एक अगदी क्षीण हाक मारते, जी मीटर-दीड मीटरपर्यंतच पोहोचते. किल्लीने ती ऐकली की ती वरच्या लहरीवर उत्तर देते, "मी इथे आहे." गाडी ते उत्तर तपासते आणि दार उघडते. आत बसून ब्रेक दाबून बटण दाबले की हीच प्रश्नोत्तरे पुन्हा होतात आणि इंजिन चालू होते.

या रचनेत एक गृहीतक दडले आहे. हाक क्षीण आहे, तेव्हा उत्तर आले म्हणजे किल्ली जवळच असणार, असे गाडी मानते. चोरांनी नेमके तेच पकडले. एक जण गाडीशेजारी एक डबा घेऊन उभा राहतो, दुसरा तुमच्या घराच्या दाराशी. पहिला डबा गाडीची हाक उचलून दुसऱ्याकडे पाठवतो. दुसरा ती दारापलीकडे खुंटीवर लटकलेल्या किल्लीला ऐकवतो, आणि किल्ली बिचारी इमानदारीने उत्तर देते. संकेत फोडावा लागत नाही, कोणाची सही खोटी करावी लागत नाही. निरोप फक्त इकडून तिकडे पोहोचवायचा. झुरिकच्या ईटीएच या तंत्रशिक्षण संस्थेतील संशोधकांनी २०११ साली आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हा प्रयोग करून पाहिला आणि दहाही गाड्या फसल्या. जर्मनीतली एडीएसी ही वाहनचालकांची मोठी संघटना २०१६ पासून अशा चाचण्या घेत आली आहे. तिने तपासलेल्या शेकडो मॉडेलांपैकी बहुतेक गाड्या याच युक्तीला बळी पडल्या.

आता कंपन्यांनी दोन सुधारणा आणल्या आहेत. एक म्हणजे काही मिनिटे किल्ली हलली नाही की ती झोपी जाते आणि कोणाच्याच हाकेला उत्तर देत नाही. दुसरी अल्ट्रा-वाइडबँडची. तीत संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागला हे गाडी मोजते. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते, म्हणून मध्ये डबे आले की उशीर उघडा पडतो. ही दुसरी सोय मुख्यतः महागड्या गाड्यांत आली आहे. शोरूममध्ये इतकाच प्रश्न विचारावा, "किल्ली स्थिर ठेवली तर झोपते का? आणि बिनकिल्लीची सोय हवी तेव्हा बंद करता येते का?" पुष्कळ गाड्यांत ती मेन्यूमधून किंवा किल्लीवरच्या बटणांनी बंद करता येते. विक्रेत्याला उत्तर येत नसेल तर त्याला मालकाची पुस्तिका उघडायला लावावी.

ज्यांच्याकडे ही सोय नाही त्यांनी धातूच्या अस्तराची पिशवी घ्यावी. दोन-चारशे रुपयांत मिळते. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबाही बऱ्याचदा चालतो, पण तो तपासून घ्यावा. किल्ली डब्यात घालून डबा गाडीजवळ न्यावा आणि दार उघडते का पाहावे. उघडले तर तो डबा पुन्हा लाडवांसाठी वापरावा. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर या आपल्या जुन्या वस्त्यांत घराचे दार आणि रस्त्यावरची गाडी यांत पाच-सात पावलांचेही अंतर नसते, आणि किल्ल्यांचा खिळा नेमका दाराशीच असतो. तो खिळा आत, मागच्या खोलीत न्यावा, इतके तर आजच करता येईल.

बिनकिल्लीच्या गाडीबद्दल वयस्कर मंडळींनी आणखी एक जाणून घ्यावे. गाडी यजमान चालवतात, किल्ली बाईसाहेबांच्या पर्समध्ये. बाई देवळापाशी उतरल्या. इंजिन सुरू असल्यामुळे गाडी टुंटुं करून सूचना देते, पण चालत राहते. यजमानांनी बाजारात जाऊन इंजिन बंद केले की मग ती पुन्हा सुरू होत नाही. हे चोरीत मोडत नाही, पण गृहकलहात नक्की मोडते. तसेच किल्लीतला बटणासारखा सेल संपला म्हणजे घाबरू नये. बहुतेक अशा किल्ल्यांच्या पोटात एक साधी धातूची किल्ली लपवलेली असते, आणि मेलेली डबी स्टार्ट बटणाला किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी टेकवली की इंजिन चालू होते. एकदा घरच्या अंगणात हे करून पाहिलेले बरे.

भोंग्याची कहाणी

अलार्म चोराला अडवत नाही, तो फक्त ओरडतो. ओरडण्याचा उपयोग ऐकणारा असेल आणि तो उठून येणारा असेल तेव्हाच. आपण सगळे जाणतो की रस्त्यात गाडीचा भोंगा वाजला की पहिला विचार "चोर!" असा नसतो. "कोणाची गाडी आहे ती, बंद करा रे" असा असतो.

कंपनीकडून येणारा साधा अलार्म दारे, बोनेट आणि डिक्की यांच्या स्विचवर चालतो. कुलूप न उघडता दार उघडले गेले तर हॉर्न वाजतो. पण काच फोडून कोणी दार न उघडता आत हात घातला किंवा शिरला, तर असा अलार्म बऱ्याचदा मौन पाळतो. त्यासाठी धक्का ओळखणारा सेन्सर लागतो, किंवा आतल्या हवेतली हालचाल टिपणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर. गाडी उचलून किंवा टो करून नेऊ नये म्हणून कल ओळखणाराही असतो. अलार्म घेताना यातले कोणकोणते आहे ते विचारावे. नुसते 'अलार्म आहे' हे उत्तर म्हणजे 'खाते आहे' म्हणण्यासारखे. शिल्लक किती ते कळायला हवे.

धक्का सेन्सरची इंदूरला फार परीक्षा होते. दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला की अख्खी गल्ली गाड्यांच्या आवाजाने भरून जाते. रंगपंचमीच्या गेरीत ढोल, टँकर आणि मोठे स्पीकर राजवाड्याकडे निघाले की आसपासच्या गल्ल्यांत उभ्या गाड्या आपोआप गेरीत सामील होतात. मांजर बोनेटवर बसले तरी ओरडतात. चार दिवस असे झाले की मालक सेन्सरची तीव्रता इतकी कमी करतो की मग काच फुटली तरी तो जागा होत नाही, नाहीतर फ्यूजच काढून ठेवतो. बाहेरून बसवलेल्या निम्म्याअधिक अलार्मांची अखेर अशीच होते, असे आमचे निरीक्षण आहे.

शिवाय अलार्म गाडीच्या बॅटरीवर जगतो. आपल्यापैकी पुष्कळांची गाडी आठवड्यातून एकदा निघते, मुलांकडे गेलो तर महिनाभर नुसती उभी. गाडीची स्वतःची आणि अलार्मची मिळून ५० मिलीअँपिअर ओढ धरली तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पंधरा दिवसांत निम्म्यावर येते. जुनी असेल तर तेवढ्यात गाडी सुरूच होत नाही. चोर यायच्या आधीच गाडी जागेवर खिळते, असा एक फायदा मात्र मानता येईल.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वर सांगितलीच आहे. ज्या संदेशाने दार उघडते त्याच संदेशाने अलार्म गप्प होतो. दोन डब्यांची युक्ती करणाऱ्या चोरासाठी अलार्म वाजतच नाही, कारण गाडीच्या लेखी तो चोर नसून मालक आहे. तेव्हा 'कीलेस धोक्याची वाटते म्हणून सोबत अलार्म घेतो' हा हिशेब जुळत नाही.

गाडी हलू न देणारा

आता इमोबिलायझर. याची गंमत अशी की तो दिसत नाही, वाजत नाही, आणि म्हणून विकणाऱ्याला त्याचे कौतुक करता येत नाही. किल्लीच्या डोक्यात तांदळाएवढी चिप असते. तिला सेल लागत नाही. किल्ली स्टार्टरजवळ आली की गाडीच्या वेटोळ्यातून तिला ऊर्जा मिळते आणि ती आपली ओळख सांगते. ओळख पटली नाही तर इंजिनाचा संगणक इंधन आणि ठिणगी देत नाही. जुन्या सिनेमात नायक डॅशबोर्डखालच्या दोन तारा जोडून गाडी पळवतो, तो धंदा या चिपने बंद केला.

युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या मोटारींत इमोबिलायझर सक्तीचा केला. नेदरलँड्समधील दोन अर्थशास्त्रज्ञांनी नंतर मॉडेलवार आकडे तपासले, तेव्हा या एका वस्तूमुळे मोटारचोरी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. आम्हाला यातले खर्चाचे गणित आवडते. कारखान्यात बसवताना ही चिप फार महाग पडत नाही, आणि ती कोणाची झोपही मोडत नाही.

उलट बाजूचा धडा अमेरिकेत मिळाला. तिथे इमोबिलायझरची सक्ती नव्हती. ह्युंदाई आणि किया या कंपन्यांच्या तिथल्या स्वस्त, किल्ली फिरवून सुरू होणाऱ्या अनेक मॉडेलांत तो बसवलेलाच नव्हता. २०२१-२२ च्या सुमारास पोरासोरांनी समाजमाध्यमांवर चित्रफिती टाकून दाखवले की स्टिअरिंगखालचे आवरण काढून यूएसबी वायरच्या टोकाने ती गाडी सुरू करता येते. मग शहरोशहरी चोऱ्यांची लाट आली, अपघात झाले, माणसे दगावली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या रस्ते सुरक्षा खात्याने कंपन्यांचा उपाय जाहीर केला. सुमारे ८३ लाख गाड्यांचे सॉफ्टवेअर बदलायचे होते. त्यात अलार्मचा आवाज ३० सेकंदांवरून एक मिनिट करणे आणि किल्ली घातल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणे, असे दोन बदल होते. यातला कोणता खरा उपाय, हे वाचकांनीच ठरवावे. शेजारच्या कॅनडात २००७ पासून इमोबिलायझरची सक्ती असल्याने तिथे विकलेल्या याच कंपन्यांच्या गाड्यांत तो आधीपासून होता. आणि अमेरिकेतल्या मालकांना तातडीने काय वाटले गेले? स्टिअरिंगला आडवा लावायचा लोखंडी दांडा!

भारतात आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोटारींत इमोबिलायझर असतो. जुनी गाडी असेल तर डॅशबोर्डवर किल्लीचे किंवा कुलूप लावलेल्या गाडीचे लहान चित्र क्षणभर उजळते का ते पाहा, किंवा पुस्तिकेत शोधा. चावीवाल्याकडे साध्या पात्याची नक्कल करून दार उघडते पण इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडते, तेव्हा समजावे की चिप आहे.

तो अभेद्य आहे असे नाही. दिल्लीकडच्या टोळ्यांच्या अनेक प्रकरणांत पद्धत अशी दिसली आहे की काच फोडायची, स्टिअरिंगखालच्या तपासणी जोडणीला टॅबलेटसारखे यंत्र लावायचे आणि गाडीच्या स्मरणात नवी कोरी किल्ली नोंदवून घ्यायची. मेकॅनिक हरवलेल्या किल्लीसाठी जे करतो तेच. इंग्लंडमध्ये तर हेडलाइटमागच्या तारांतून गाडीच्या अंतर्गत जाळ्यात खोटा संदेश सोडून गाडी पळवल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. या दोन्ही प्रकारांत चोराने विजेच्या वाटेने प्रवेश केला आहे. त्याला थांबवायला विजेशी संबंध नसलेली वस्तू लागते, म्हणजे तोच स्टिअरिंगचा दांडा किंवा गिअर लॉक. हजार-दीड हजारांचा दांडा बाहेरून दिसतो, बॅटरी खात नाही आणि टॅबलेटने उघडत नाही. कापायला वेळ लागतो, आवाज होतो, आणि चोर शेजारची बिनदांड्याची गाडी बघतो. (शेजाऱ्याने याबद्दल आम्हाला बोल लावू नये, त्यालाही हाच लेख पाठवावा.)

दुचाकीचे थोडक्यात. आपल्या गल्ल्यांत जास्त चोरीला जातात त्या दुचाकीच. जुन्या स्कूटरचे कुलूप झिजून कोणत्याही किल्लीने फिरते. मग हँडल लॉक नावापुरता राहतो. कुलपाचा संच बदलणे अलार्म बसवण्यापेक्षा केव्हाही चांगले. जोडीला चाकातली साखळी किंवा डिस्क लॉक. होंडाने जानेवारी २०२३ मध्ये ॲक्टिव्हाला स्मार्ट किल्ली दिली तेव्हा सोबत इमोबिलायझरही दिला, ही चांगली गोष्ट झाली. जीपीएस ट्रॅकरबद्दल एवढेच सांगतो की त्यातल्या सिमचे रिचार्ज कोण करणार हे आधी ठरवावे.

तेव्हा आमचा क्रम असा: आधी इमोबिलायझर आहे याची खात्री, मग दांडा, मग किल्लीची पिशवी आणि खिळ्याची जागा. यानंतर पैसे उरले आणि हौस असेल तर अलार्म, तोही कंपनीच्या जोडणीत बसणारा, तारा कापून जोडलेला नव्हे. तारा कापल्या की वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो आणि पुढे शॉर्टसर्किट झाले तर विमा कंपनीही त्याच तारेकडे बोट दाखवते. "विम्यात सूट मिळते" असे ॲक्सेसरीवाला सांगेल. एआरएआय या पुण्याच्या संस्थेने मान्य केलेल्या चोरीविरोधी उपकरणावर 'ओन डॅमेज' हप्त्यात २.५ टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये, अशी ती सूट चालत आलेली आहे. तुमचा तो हप्ता १२,००० असेल तर वाचले ३०० रुपये. उपकरणाचे बिल किती आहे ते बघून घ्या.

गाडी गेलीच तर

इथे आम्हाला थोडे जास्त सांगायचे आहे, कारण नुकसान गाडी जाण्याने जितके होते तितकेच नंतरच्या गोंधळाने होताना आम्ही टेबलापलीकडून पाहिले आहे.

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक पैसा मिळत नाही. गाडी जुनी झाली म्हणून पुष्कळ जण तेवढाच भरतात. ते कायद्याने चालते, पण आपण चोरीची जोखीम स्वतःच्या पेन्शनवर घेतली आहे हे माहीत असावे. पूर्ण विमा असेल तर मिळते ते आयडीव्ही, म्हणजे घसारा वजा जाता ठरलेली किंमत. नेहमीच्या कोष्टकात दोन वर्षांवरच्या आणि तीन वर्षांपर्यंतच्या गाडीला ३० टक्के घसारा, चार ते पाच वर्षांना ५० टक्के.

एक हिशेब मांडून दाखवतो. समजा शोरूम किंमत ९ लाख, कर्ज साडेआठ लाख, मुदत सात वर्षे, व्याज ९ टक्के. हप्ता येतो सुमारे १३,७००. दोन वर्षांहून थोडे जास्त झाल्यावर विम्याचे नूतनीकरण झाले, आयडीव्ही ठरली ६ लाख ३० हजार. सव्वीस हप्ते भरून झाले आणि गाडी चोरीला गेली. त्या दिवशी कर्ज बाकी असते सुमारे ६ लाख ४१ हजार! आरसी पुस्तकावर बँकेचा बोजा असल्याने दाव्याची रक्कम आधी बँकेकडे जाते. म्हणजे गाडी नाही, विम्याचे पैसे हाती नाहीत, आणि वर आणखी दहा-बारा हजार भरायचे. कर्ज मोठे आणि मुदत लांब असेल तर पहिली काही वर्षे 'रिटर्न टू इन्व्हॉइस' ही जोड घ्यावी ती यासाठी. अलार्मपेक्षा ती जास्त कामाची.

आणि गाडी गेली तरी हप्ता थांबत नाही. "गाडीच नाही तर हप्ता कशाचा?" असे म्हणून हप्ते बंद करणारे भले लोक आम्ही पाहिले आहेत. दावा मंजूर व्हायला महिने लागतात. ९० दिवसांहून जास्त थकले की खाते अनुत्पादित वर्गात जाते, सिबिलवर नोंद होते आणि पुढे मुलाच्या घरकर्जाला सहकर्जदार म्हणून उभे राहताना ती नोंद आडवी येते. गाडी गेल्याचे बँकेला लेखी कळवावे आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत हप्ता चालू ठेवावा.

चोरी कळताच ११२ वर फोन आणि पोलिसांत तक्रार, त्याच दिवशी. मध्य प्रदेश पोलिसांची ई-एफआयआरची सोयही आहे. विमा कंपनीलाही लगेच लेखी कळवावे. पोलिसांकडे वेळेत तक्रार झाली असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुरशिंदर सिंग यांच्या प्रकरणात दिला आहे. पण तो निकाल अडचणीत सापडलेल्यासाठी आहे, आळसासाठी नाही. पुढे गाडीचा शोध न लागल्याचा पोलिसांचा अहवाल, ज्याला इकडे 'खात्मा' म्हणतात, तो लागतो. त्याची मागणी आपणच करत राहावी लागते.

मग कंपनी मागते दोन्ही किल्ल्या. इथे बहुतेक दावे अडखळतात. एक किल्ली नसेल तर ती गाडीतच राहिली होती का, कोणाला दिली होती का, अशी चौकशी सुरू होते. किल्ली गाडीत सोडली होती असे दिसले तर ती मालकाची हयगय ठरते. अशा प्रकरणांत न्यायालयांनी पुरी रक्कम न देता ७५ टक्के दिल्याची उदाहरणे आहेत. म्हणून दुसरी किल्ली गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये मुळीच ठेवू नये. ती घरात, आरसीच्या प्रतीसोबत एका पाकिटात असावी आणि ते पाकीट कुठे आहे हे घरातल्या आणखी एकाला माहीत असावे. किल्ली हरवली तर त्याच वेळी पोलिसांत नोंद करून पावती जपून ठेवावी.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी तर व्यवहाराच्या वेळीच दोन्ही किल्ल्या हातात घ्याव्यात. "दुसरी सापडली की आणून देतो" हे वाक्य ऐकले की किंमत पुन्हा बोलावी, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन त्या गाडीच्या स्मरणात किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत हे तपासून घ्यावे. हाती नसलेली किल्ली तिथे पुसून टाकता येते. त्याची पावतीही त्याच पाकिटात ठेवावी.